टिनाचा हॉल आणि सरांचे कान

नववीच्या वह्या तपासत होते. 'ध्वनी' हा धडा नुकताच शिकवून संपवला होता. एका वहीत 'अनुनाद'ऐवजी 'अनुवाद' लिहिलेलं दिसलं, मी लाल पेनानं गोल केला आणि पुढे गेले. पुढच्या वहीतही अनुवाद. त्यानंतरच्या वहीत 'ध्वनीचे परावर्तन' याचं 'ध्वनीचे परिवर्तन' झालेलं. आधी वाटलं एकमेकांचं पाहून लिहिलंय. मग मनात काय आलं कोणास ठाऊक, मी सगळ्या वह्या मुलं ज्या ओळीनं बसतात त्या ओळीनं लावल्या. पुढच्या तीन रांगांचं लिखाण बरोबर होतं. चौथ्या रांगेपासून अनुवाद सुरू झाला होता आणि शेवटच्या रांगेत तर एकीनं 'अनुदान' लिहिलं होतं.

महागाव तालुक्यातली ही शाळा माझी पहिली नोकरी. माझं घर यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात. गावात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होते आणि शनिवारी दुपारच्या बसनं घरी जात होते. शाळेची जुनी इमारत गळायला लागली म्हणून नववीच्या दोन्ही तुकड्या नव्या हॉलमध्ये आणून बसवल्या होत्या. हॉल मोठा होता. चारी भिंती सिमेंटच्या, खाली फरशी, वर टिन, आणि आत बाकांशिवाय काहीच नाही. तिथं बोलायला लागलं की आपलाच आवाज चारी बाजूंनी आपल्यावर चालून यायचा. मी पुढे उभी राहून जीव तोडून ओरडायची आणि संध्याकाळी घसा बसलेला असायचा. मागची मुलं शांत बसत, म्हणून मला वाटत होतं त्यांना कळतंय.

दुसऱ्या दिवशी खेळाच्या कपाटातलं स्टॉपवॉच आणलं. मुलांना म्हटलं, एकदम गप्प बसा. एकच टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत घड्याळ चालू ठेवलं. अडीच सेकंद. एवढ्या वेळात माणूस सात-आठ शब्द बोलून मोकळा होतो. म्हणजे माझा पहिला शब्द भिंतींवर आपटत हॉलमध्ये फिरतच असायचा, तोवर त्याच्या अंगावर पुढचे शब्द येऊन पडायचे. पुढच्या मुलांना माझा आवाज थेट पोचत होता. मागच्यांना मिळत होती नुसती खिचडी. पुस्तकात याला निनाद म्हणतात. मी तो धडा शिकवला होता आणि त्याच निनादानं माझा धडा खाऊन टाकला होता.

हेडमास्तरांकडे गेले. सर निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले, उंच, पांढऱ्या शर्टाचे, अख्ख्या गावात आवाजासाठी प्रसिद्ध. ते प्रार्थनेला सूचना द्यायचे तेव्हा माईक लागत नसे.

"सर, हॉलमध्ये मागच्या मुलांना शब्द कळत नाहीत. आवाज घुमतो."

"मले तं काही घुमून नाही राह्यलं," ते म्हणाले. "मी कालच थितं बोललो. तुम्ही मोठ्यानं बोला मॅडम. शहरातल्या पोरींचा आवाज बारीक असते."

मोठ्यानं बोललं की घुमही मोठा होतो, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी मान हलवली आणि हजेरीपट उघडला.

कापसाचे ते वाईट दिवस होते. घरोघरी एकच बोलणं, भाव नाही, बियाणं फसलं, पुढं काय करायचं. जिल्ह्यात टीव्हीवाल्यांच्या गाड्या फिरत होत्या. मुलं वेचणीच्या दिवसांत निम्मीच यायची, आणि जी यायची त्यांची बोटं बोंडांच्या टोकांनी ओरखडलेली असायची. एवढ्या लांबून, घरचं काम टाकून मूल शाळेत येतं आणि त्याला शब्दच ऐकू येत नाही, हे मला बोचत होतं. पण टिनाच्या हॉलचं करायचं काय, ते सुचत नव्हतं.

ते सुचलं एका पिंजाऱ्याच्या खोलीत. माझ्या घरमालकिणीनं जुन्या गाद्या पिंजायला दिल्या होत्या. आमच्या भागात हे काम करणारे एक म्हातारे चाचा होते. बाजारात मशीन आली होती, फोमच्या गाद्या आल्या होत्या, तरी चाचा धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. मालकिणीनं त्यांना मागची रिकामी खोली दिली होती. मी गाद्या कधी होणार ते विचारायला आत गेले आणि बोलायला तोंड उघडलं तर माझा आवाज ओठांपाशीच संपला. खोलीत कमरेइतकी पिंजलेली रुई होती. असं वाटलं की कोणी तरी माझ्या शब्दांभोवती शाल गुंडाळली आहे.

चाचांनी तोंडावरचा फडका खाली केला. "काय झालं मॅडम?"

"इथं आवाज किती शांत वाटतो."

"रुई आवाज खाते ना," ते सहज बोलले. "सकाळी खोली खाली असते तं तात कशी बोलते, टंग टंग. दुपारी खोली भरली का तिचा आवाज बसते. मले रुई पाहाच नाही लागत. तात आयकली का समजते किती काम झालं."

तात म्हणजे पिंजणाची ती ताणलेली दोरी. त्यांनी लाकडी मूठ मारून दाखवली. जाड, ठसठशीत सूर निघाला आणि लगेच विझला.

मी तिथंच दारात बसले. त्यांना हॉलचं सगळं सांगितलं. टाळी, अडीच सेकंद, अनुवाद. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मध्ये एकदा डोकं वळवून डावा कान माझ्याकडे केला. मग म्हणाले, "भिंतीले गाद्या लावून देऊ. पण पातळ. आनं दाबून नाही भरायच्या. दाबली रुई म्हणजे भिंतच झाली. तिच्या पोटात हवा पायजे, तवा ती आवाज खाते."

पुस्तकात हेच लिहिलं आहे. तंतूंमधल्या हवेच्या बारीक वाटांमध्ये ध्वनी शिरतो, घासत घासत जातो आणि त्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. मी बी.एस्सी.ला ते पाठ केलं होतं. चाचांनी ते आयुष्यभर रोज दुपारी ऐकलं होतं.

सर एका दिवसात तयार झाले, याचं मला नवल वाटलं. मी त्यांना ती गोष्ट कागदावर लिहून, भिंतीचं चित्र काढून दिली होती. बोलण्यापेक्षा कागद त्यांना जास्त पटतो, एवढंच मी तेव्हा समजले.

मुलांना सांगितलं की घरातल्या फाटक्या गाद्या, उशा, गोधड्यांतली रुई असेल ती आणा. एका मुलीनं विचारलं, शेतातला डागाळलेला कापूस चालतो का, तो कोणी घेत नाही. चाचा म्हणाले, "नाही बाई. सरकी आत राह्यली तं उंदरं येतीन, भिंत खाऊन टाकतीन." म्हणून जुनी रुईच. आठ दिवसांत हॉलच्या एका कोपऱ्यात ढीग झाला. कोणाच्या आजीची उशी होती, कोणाच्या पाळण्यातली गादी होती. चाचा रोज दहाला येत, जुन्या इमारतीच्या ओसरीत बसून पिंजत, आणि मुलं मधल्या सुट्टीत भोवती उभी राहून तात ऐकत. मी तिथंच कंप्रता शिकवली. दोरी ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. फळ्यावर मला त्यासाठी दोन तास लागले असते.

'ध्वनीचे शोषण' हा शब्द मी उच्चारला तेव्हा मात्र वर्ग हसला. त्या वर्षांत शोषण हा शब्द चौकातल्या प्रत्येक भाषणात होता. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "मॅडम, ध्वनीचंबी होते काय?"

एक घोळ सरांनी घातला. तपासणीला साहेब येणार होते, म्हणून पोत्याचं कापड बरं दिसत नाही असं ठरवून त्यांनी गाद्यांना चकचकीत रेक्झिनचं कव्हर शिवायला दिलं. पहिल्या भिंतीवर त्या निळ्या, देखण्या गाद्या लागल्या. मी टाळी वाजवली. फारसा फरक नाही. उलट टाळीचा तीक्ष्ण भाग तसाच परत आला. चाचांनी रेक्झिनवर बोट वाजवून पाहिलं.

"दार बंद करून पाहुण्याले जेवाले बोलावलं तुम्ही," ते म्हणाले. "आवाज आत जाईन कसा?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, "हाव हाव, बरोबर," म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले. काढायचं की ठेवायचं, ते सांगितलंच नाही. शेवटी मी पुन्हा कागदावर लिहून दिलं, त्यावर सही आली आणि रेक्झिन निघालं. त्या जागी बारदान्याचं विरळ कापड आलं. चाचांनी गाद्या भिंतीला चिकटवू दिल्या नाहीत, मागे लाकडी पट्ट्या ठोकून चार बोटं जागा सोडली. जाड आवाज असे सहज मरत नाहीत, त्यांना मागची हवा लागते, हे मी मुलांना वर्गात सांगितलं. चाचांना ते सांगायची गरज पडली नाही.

ज्या दिवशी काम झालं त्या दिवशी पुन्हा स्टॉपवॉच आणलं. टाळी वाजली आणि संपली. घड्याळ चालू करून बंद करायला मला फुरसतच मिळाली नाही. मी मागच्या रांगेत जाऊन बसले आणि पुढच्या बाकावरच्या एका मुलीला नेहमीच्या आवाजात पुस्तक वाचायला सांगितलं. तिचा शब्द न् शब्द आला. तिच्या 'श' आणि 'ष'मधला फरकसुद्धा. शेवटच्या रांगेतली 'अनुदान'वाली माझ्या शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे आधी काहून नाही केलं?" मी नुसती तिच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात सर आले. नेहमीसारखे गडगडत बोलू लागले, आणि त्या शांत हॉलमध्ये त्यांचा आवाज इतका मोठा वाटला की मुलं दचकली. एका मुलानं उभं राहून विचारलं, "सर, दहावीचा वर्ग पण इथंच भरणार काय?"

"शाबास," सर म्हणाले. "बस खाली."

मुलगा गोंधळून बसला. कोणी हसलं नाही.

संध्याकाळी चाचा सामान बांधत होते. मी पाणी घेऊन गेले तर त्यांनीच विषय काढला. "मॅडम, सरांले कमी आयकू येते. तुमाले माहीत आहे का नाही?"

"काहून म्हणता?"

"दहा दिवस पाहून राह्यलो. माह्या तोंडाले फडका असला का ते नुसते हाव हाव करतात. फडका काढला का बराबर जवाब देतात. ते तोंड पाहून आयकतात. माहा उजवा कान गेला आहे. जवानीत जिनिंगमध्ये होतो, मशीनच्या बाजूले. मले हे समजते."

मला सगळं एका दमात दिसलं. त्यांना घुम जाणवत नव्हता तो यामुळे. कागदावर लिहून दिलेलं पटत होतं ते यामुळे. एवढ्या मोठ्यानं बोलणारा माणूस स्वतःला ऐकू यावं म्हणून बोलत होता.

हे त्यांना कसं सांगायचं, यावर मी दोन दिवस घालवले. वय, पद, त्यात मी नवी. शेवटी प्रयोगशाळेतला नादकाटा पदराखाली धरून ऑफिसात गेले, दार लोटलं आणि त्यांच्या समोर, तोंड नीट दिसेल अशी बसले.

"सर, तुम्हाला ऐकायला त्रास होतो का?"

त्यांचा चेहरा आधी कडक झाला. "कोण म्हणते?"

"मीच विचारते आहे."

"माहे कान चांगले आहेत. तुम्ही तुमचा हॉल पाहा."

मी उठले नाही. ते खिडकीकडे वळले आणि मी कधीच ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात बोलले. "चार-पाच वर्षं झाले. घरी बायकोले माहीत आहे. शाळेत कोणाले माहीत नाही. बहिरा हेडमास्तर म्हणतीन, हसतीन. दोन वर्षं राह्यले, निघून जातीन असं वाटलं होतं." मग टेबलावर हात ठेवून म्हणाले, "एक सांगू काय मॅडम? पोरांचं मले काही वाटत नाही, पोरं ओरडून बोलतात. पण बाप लोक येतात ना, ह्या दोन-तीन वर्षांत, ते हळूच बोलतात. मान खाली घालून बोलतात. मले तोंडच दिसत नाही. मागच्या महिन्यात एकजण अर्धा तास बसला होता इथं, ह्या खुर्चीवर. मी हाव हाव केलं. तो हात जोडून गेला. तो काय सांगून गेला, मले आजपर्यंत माहीत नाही."

मी नादकाटा काढला, रबरी ठोकळ्यावर आपटला आणि त्यांच्या कानासमोर धरला.

"येतो आवाज?"

"नाही."

पुन्हा आपटला आणि त्याचा दांडा त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवला. त्यांनी डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या.

"येऊन राह्यला," ते म्हणाले. "आतून येऊन राह्यला."

दुसऱ्या कानामागेही तसंच झालं. मी त्यांना समजावलं की हाडातून ऐकू येतंय म्हणजे आतली नस जिवंत आहे. अडचण बाहेरच्या वाटेत आहे, कानाच्या नळीत किंवा पडद्यात. मी डॉक्टर नाही, पण हे बरं व्हायची शक्यता मोठी आहे, एकदा यवतमाळला दाखवा. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. सगळं झाल्यावर त्यांनी नादकाटा माझ्या हातातून घेतला, स्वतःच टेबलाच्या कडेवर आपटला आणि कानामागे लावून बसले. मी बाहेर आले तेव्हा ते तिसऱ्यांदा आपटत होते.

डॉक्टरकडे एकट्यानं जायला त्यांना धीर होईना, आणि घरच्यांना नेलं तर गावभर होईल ही भीती. ते गेले चाचांबरोबर. दोघं सकाळच्या बसनं आर्णीवरून यवतमाळला गेले. चाचांनाही कान दाखवायचा आहे, सर नुसते सोबत चालले आहेत, असं गावात सांगायचं ठरलं. प्रत्यक्षात दाखवले दोघांनीही. चाचांच्या उजव्या कानाची नसच गेली होती, त्यावर इलाज नाही असं डॉक्टर म्हणाले. सरांच्या एका कानात वर्षानुवर्षांचा मळ दगडासारखा बसला होता, तो औषध घालून काढावा लागला. दुसऱ्या कानाच्या पडद्याला लहानपणी कान फुटला होता तेव्हाचं भोक होतं. त्याची शस्त्रक्रिया पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली, आणि तो कान पूर्ण नाही तरी पुष्कळ सुधारला.

मळ काढलेल्या दिवसाची गोष्ट चाचांनी मला सांगितली. दवाखान्याबाहेर आल्यावर सर रस्त्याच्या कडेला उभेच राहिले. चाचांनी विचारलं, "काय झालं सरजी, चक्कर येते काय?" तर सर म्हणाले, "तुमची चप्पल वाजते." चाचा मला म्हणाले, "तीन वर्षं झाले माह्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे मॅडम, तार लावली आहे. कोणाले आयकू नाही गेलं आजपर्यंत. यांले आयकू गेलं."

परतल्यावर चाचांना मी विचारलं, तुमच्या कानाचं वाईट वाटलं का. ते म्हणाले, "माहा एक तं आहे ना. तातीले एकच पुरते."

सरांनी सोमवारी पहिलं काम केलं ते हजेरीपट काढून मागच्या महिन्यात कोण कोण गैरहजर झालं ते पाहायचं. हात जोडून गेलेला तो बाप कोण, ते त्यावरून सापडलं. नववीतल्या एका मुलीला शाळेतून काढायचं सांगायला तो आला होता. सर सायकलवर त्याच्या घरी गेले, ओसरीत त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, मागच्या वेळी मला नीट ऐकू आलं नव्हतं, पुन्हा सांगा. त्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मुलगी पंधरा दिवसांनी परत आली, दोन महिन्यांचा अभ्यास मागे पडलेली, आणि मी तिला संध्याकाळी माझ्या खोलीवर बोलावून शिकवायला लागले.

त्यानंतर शाळा सुटल्यावर पालक आले की सर त्यांना ऑफिसात न बसवता हॉलच्या मागच्या कोपऱ्यात नेऊ लागले. तिथं भिंत मऊ होती. माणूस कितीही हळू बोलला तरी सरांना ऐकू जायचं, आणि दोन बाकं पलीकडे कोणाला जायचं नाही. वाईट वर्षं काही एका हॉलनं संपली नाहीत. पण त्या कोपऱ्यात बसून उठणारी माणसं आली त्यापेक्षा जरा सरळ चालत जाताना मी पाहिली आहेत.

सरांचा आवाजही उतरला. प्रार्थनेला आता माईक लागायचा, आणि तो बिघडला की आमची धांदल व्हायची. एकदा मी त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन गेले होते. त्यांच्या पत्नी चहा टाकताना हसत म्हणाल्या, "अवो, आम्ही पाच वर्षं ओरडून ओरडूनच बोललो. काय भाजी केली, कोण आलं, सगळं. आता हळू बोलतो तं शेजारीण परवा विचाराले आली. म्हणे, काकू, घरात भांडण झालं काय, दोन महिने झाले तुमचा आवाज नाही."

सर आतून बोलले, "मले आयकू येते बरं का."

"येऊ द्या," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे बशी सरकवली.